डिटेलिंगनंतर गाडी बिघडली, तर आधी मोजमाप आणि मगच दुरुस्ती

रबिंग-पॉलिशिंग, इंटिरियर क्लीनिंग, सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा संरक्षक द्रव) ही डिटेलिंगची कामे एकेकाळी हौशी गाडीमालकांपुरती मर्यादित होती. आता नवी गाडी शोरूममधून बाहेर पडण्याआधीच त्यांचे दरपत्रक समोर ठेवले जाते. काम नीट झाले तर प्रश्नच उरत नाही. बिघडले तर मात्र नेमके काय बिघडले हे ओळखण्यापासूनच अडचण सुरू होते, कारण ताब्यात घेताना गाडी जितकी चकाकते तितकी ती पुढे क्वचितच चकाकते. तक्रार घेऊन परत गेल्यावर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "काही नाही साहेब, पुन्हा एक हात मारून देतो, सगळं निघून जाईल." हा प्रस्ताव फुकटचा असतो, तत्पर असतो आणि बऱ्याचदा मनापासूनही केलेला असतो. तरीही तो लगेच स्वीकारू नये. त्याचे कारण रंगाच्या थरांमध्ये आहे.

गाडीच्या पत्र्यावर सर्वांत खाली गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीत या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. काही गाड्यांत ती त्याहूनही कमी असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यातला क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. गाडीची चकाकी याच थराची असते, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही हाच थर करतो. पॉलिश करताना ओरखडा भरून निघतो असा सर्वसाधारण समज आहे, तो खरा नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणला जातो, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. मुलामा दिलेले भांडे चकचकीत करण्याच्या भरात मुलामाच उतरावा, तसा हा व्यवहार आहे. जाड कंपाउंड (रंग घासणारी पेस्ट) आणि यंत्राला लावायचा कडक पॅड घेऊन मारलेल्या एका जोरकस फेरीत काही मायक्रॉन कायमचे जातात, आणि गेलेला थर कोणत्याही वॅक्सने किंवा कोटिंगने परत येत नाही.

म्हणजे बिघडलेल्या कामानंतरचे "पुन्हा एक हात" हे आधीच कमी झालेल्या शिलकीतून आणखी एकदा केलेला खर्च असतो. शिलक पुरेशी असेल तर तो खर्च योग्यच ठरतो. शिलक किती आहे हे न पाहता तो करणे धोक्याचे असते, आणि पहिल्यांदा ज्या हातांनी काम बिघडवले त्याच हातांनी, त्याच यंत्राने ते करणे तर अधिकच.

बिघाडाचे प्रकार

रंगावर सर्वाधिक आढळणारा बिघाड म्हणजे बारीक गोलाकार ओरखडे, ज्यांना या धंद्यातले लोक स्वर्ल मार्क म्हणतात. धूळ नीट न धुता कापड फिरवले, खाली पडलेले मायक्रोफायबर तसेच उचलून वापरले किंवा पॅडमध्ये साचलेली माती साफ केली नाही, की ते उमटतात. दुसरा प्रकार होलोग्रामचा. एकाच अक्षावर फिरणारे रोटरी यंत्र अननुभवी माणसाच्या हाती गेले, की उन्हात गाडीवर रुंद, सरकणारे, सावलीसारखे पट्टे दिसतात. पाहणारा हलला की पट्टेही हलतात. हे दोन्ही दोष बहुधा क्लिअर कोटच्या वरच्या भागातच असतात, आणि थर पुरेसा असेल तर कुशल माणूस ते काढू शकतो.

तिसरा प्रकार गंभीर आहे. बोनेटची कड, दारावरून जाणारी धारदार रेष, चाकावरची कमान अशा ठिकाणी रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि यंत्राचा दाबही नेमका तिथेच एकवटतो. यंत्र तिथे क्षणभर जास्त थांबले, की क्लिअर कोट पार होऊन बेस कोट उघडा पडतो. तो भाग मंद, खडूसारखा दिसतो. कापडाला गाडीचा रंग लागू लागला, तर शंकेला जागाच उरत नाही. यावर पॉलिश हा उपाय नाही. तो भाग, बहुतेक वेळा ते संपूर्ण पॅनेल, पुन्हा रंगवावेच लागते. येथे "थोडं पॉलिश मारून बघू" हे वाक्य ऐकू आले, तर तिथेच नम्रपणे थांबवावे.

यातले पुष्कळसे पहिल्या दिवशी दिसत नाही, आणि त्यामागे साधी रसायनविद्या आहे. अनेक पॉलिशमध्ये आणि ग्लेझमध्ये तेले व भराव करणारे घटक असतात. ते ओरखड्यांत बसतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत भासवतात. दोन-तीन वेळा गाडी धुतली, की भराव निघून जातो आणि ओरखडे "नव्याने" उगवतात. मग डिटेलिंग सेंटरचे म्हणणे असते की तुमच्या गाडी धुणाऱ्या मुलानेच ते केले. प्रामाणिक सेंटर गाडी देण्यापूर्वी पाण्यात मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एखादा भाग पुसून दाखवते, म्हणजे तेलाचा पडदा हटतो आणि खरा पृष्ठभाग समोर येतो. हे मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. इमारतीच्या तळघरातील ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात यातले काहीच कळत नाही. थेट ऊन किंवा एका बिंदूतून येणारा टॉर्चचा प्रखर प्रकाशच ते दाखवतो.

सिरॅमिक कोटिंगचा बिघाड वेगळ्या जातीचा आहे. द्रव लावल्यानंतर ठरावीक मिनिटांत तो पुसून समतल करावा लागतो. एखादी जागा राहून गेली, की तिथे गडद, तेलकट किंवा इंद्रधनुषी डाग घट्ट बसतो. पहिल्या काही तासांत तो तुलनेने सहज निघतो, पूर्ण वाळल्यावर मात्र घासूनच काढावा लागतो. त्यामुळे हा एकच दोष असा आहे, ज्याची तक्रार त्याच दिवशी, फोनवरून का होईना, करणे सर्वांत फायद्याचे ठरते. कोटिंगखाली आधीचे स्वर्ल तसेच ठेवून वर द्रव लावलेला असेल, तर ते ओरखडे कोटिंगखाली बंदिस्त होतात आणि काढायचे म्हटले तर कोटिंगही जाते. जाता जाता एक खुलासा: जाहिरातीतील "9एच" ही पेन्सिलीच्या शिशाच्या कडकपणाशी तुलना करणारी चाचणी आहे, खनिजांच्या मोजपट्टीवरील अंक नव्हे. त्यामुळे "आता दगडानेही ओरखडा येणार नाही" असे सांगणाऱ्यावर बाकीच्या बाबतीतही जपूनच विश्वास ठेवावा.

पीपीएफ, म्हणजे रंगावर चढवायची पारदर्शक फिल्म, गाडीवरच ब्लेडने कापली तर पात्याची रेषा खालच्या रंगात उमटते. ती फिल्म असेपर्यंत झाकलेली राहते. रसायनांचे नुकसानही असेच ओळखीचे आहे. अ‍ॅलॉय व्हील झटपट पांढरी करणारी आम्लयुक्त द्रावणे उघड्या अ‍ॅल्युमिनियमला डागाळतात. तीव्र अल्कली असलेले डिग्रीझर अ‍ॅनोडाइझ केलेल्या पट्ट्यांवर पांढुरके चट्टे सोडतात. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी गरम पत्र्यावर वाळले तर क्षारांचे डाग क्लिअर कोटमध्ये कोरले जाऊ शकतात.

आतील आणि इंजिनमधील नुकसान दिसायला किरकोळ असते, पण सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे. पुढच्या सीटखाली वाकून पाहिले तर अनेक गाड्यांत पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतात. ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात. सीट आणि गालिचा शॅम्पूने धुताना पाणी तिथे साचले किंवा सीट काढून बसवताना कनेक्टर सैल राहिला, तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा कायम लागून राहतो, आणि तो लागलेला असताना अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री राहत नाही. इंजिनवर प्रेशर वॉशरचा फवारा मारल्यावर स्पार्क प्लगच्या खाचांत किंवा इग्निशन कॉइलमध्ये पाणी गेले, तर इंजिन अडखळते. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांत गेलेले पाणी काही आठवड्यांनी गंजाच्या रूपाने बोलू लागते. कोकणात किंवा मुंबईत भर पावसाळ्यात सीट ओली ठेवून गाडी परत दिली, तर गालिच्याखालच्या फोममध्ये बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. अशा बिघाडात वाट पाहू नये. एअरबॅगचा दिवा लागला असेल तर गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन स्कॅन करून घ्यावी आणि नोंद झालेल्या दोषाचा छापील अहवाल मागून घ्यावा.

मोजमाप आणि पुरावा

रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र असते. जुन्या गाड्यांची तपासणी करणारे, विमा सर्व्हेअर आणि चांगली पेंट शॉप ते वापरतात. पत्र्यावर टेकवले की मायक्रॉनमध्ये आकडा येतो. समजा, बोनेटच्या मधोमध 112, छतावर 118 आणि डाव्या दाराच्या रेषेवर 71 असे आकडे आले, तर त्या रेषेवर काय घडले असावे याचा अंदाज कोणालाही येतो. याउलट एखाद्या पॅनेलवर 250 ते 300 आले, तर ते पूर्वी कधीतरी रंगवलेले असण्याची शक्यता मोठी, आणि 600 किंवा त्याहून अधिक आले तर आत पुट्टी असणार. यंत्राच्या दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. ते एकूण जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही; आणि नेहमीचे यंत्र प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. तरीही शेजारच्या पॅनेलशी तुलना केली, की बरेच काही उघड होते.

या आकड्यांचा दुहेरी उपयोग आहे. पुन्हा पॉलिश करण्याइतका थर शिल्लक आहे की पॅनेल रंगवणे भाग आहे, हा तांत्रिक निर्णय त्यांवरून होतो. आणि सेंटर म्हणते "हा कंपनीच्या रंगाचाच दोष", कंपनी म्हणते "तुम्ही बाहेर पॉलिश करून घेतले", अशी टोलवाटोलवी सुरू झाली, की मधल्या माणसाच्या हातात काहीतरी ठोस असते. म्हणून बिघाड लक्षात येताच गाडी धुऊ नये, स्वतः काही लावून पाहू नये, दुसरीकडे नेऊन घाईने सुधारून घेऊ नये. उन्हात, आधी लांबून आणि मग जवळ जात, न तोडता एक व्हिडिओ घ्यावा, ज्यात नंबरप्लेट आणि दोष दोन्ही येतील. त्यानंतर ज्याचा या व्यवहारात हितसंबंध नाही अशा पेंट शॉपकडून किंवा दुसऱ्या डिटेलरकडून लेटरहेडवर तारखेसह मत घ्यावे: कोणत्या पॅनेलवर काय दोष आहे, जाडीचे आकडे काय, दुरुस्ती कोणती आणि अंदाजे खर्च किती. त्यासाठी चार पैसे द्यावे लागले तरी ते द्यावेत आणि पावती घ्यावी.

बिल, जॉब कार्ड, कामाआधीचे संभाषण आणि गाडी देतानाचे फोटो जपून ठेवावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेले बोलणेही पुरावा ठरू शकते. मात्र ते न्यायप्रक्रियेत मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडण्याची वेळ येऊ शकते, म्हणून मूळ फोनवरील संदेश पुसू नयेत. "बिल नको, रोख द्या, अठरा टक्के वाचतील" या सवलतीची किंमत नेमकी येथे कळते. बिल न देणे हीच ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे खरे; पण ते सिद्ध करण्याचे आणखी एक काम ग्राहकाच्या माथी येते.

जबाबदारी कोणाची

गाडी कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणे हा कायद्याच्या दृष्टीने एक विशिष्ट करार आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 151 प्रमाणे, ज्याच्याकडे वस्तू सोपवली त्याने सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी घ्यायची असते. "गाडी मालकाच्या जबाबदारीवर" असा फलक भिंतीवर लावला किंवा तसे वाक्य जॉब कार्डच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापले, म्हणून हे कर्तव्य आपोआप संपत नाही. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या पार्किंगमधून 1998 साली चोरीला गेलेल्या एका मारुती झेनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये असाच निर्वाळा दिला: गाडी एकदा हॉटेलच्या ताब्यात गेली, की योग्य काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार प्रथम हॉटेलवर येतो आणि ते दाखवल्याशिवाय "मालकाच्या जोखमीवर" या अटीच्या आडोशाला जाता येत नाही. ते प्रकरण चोरीचे होते, रंगाचे नव्हे. पण ताबा आणि काळजी यांविषयीचे त्यातील तत्त्व येथेही मांडता येते. "मुलगा नवीन होता" हे उत्तरही चालत नाही, कारण ग्राहकाचा करार त्या मुलाशी नसून सेंटरशी असतो. शोरूमने काम बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतले असेल, तरी ज्याने बिल दिले त्यालाच आधी विचारावे; तक्रारीत दोघांनाही प्रतिपक्ष करता येते.

एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. याच कायद्याच्या कलम 170 नुसार, कसब वापरून वस्तूवर काम करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू रोखून ठेवण्याचा हक्क आहे. काम ठरल्याप्रमाणे झालेच नाही, असा प्रतिवाद नक्की करता येतो, पण तो काउंटरवर उभे राहून जिंकण्याचा वाद नव्हे. गाडी अडकवून ठेवण्यापेक्षा पैसे भरावेत आणि बिलावर किंवा त्याच क्षणी पाठवलेल्या संदेशात "कामाबाबत हरकत राखून रक्कम भरली आहे" असे लिहून दोषांची नोंद करावी. पुढे "तुम्ही समाधानाने पैसे देऊन गेलात" असे म्हणायला मग जागा राहत नाही.

लेखी तक्रारीत राग कमी आणि तपशील अधिक असावा. काय ठरले होते, काय झाले, तज्ज्ञाचे मत काय आणि आपली मागणी नेमकी काय, हे एका पानात मांडावे व उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी. मागणी प्रमाणात असावी. स्वर्ल पडले आहेत म्हणून संपूर्ण गाडी रंगवून मागणे टिकत नाही, आणि मालकाच्याही हिताचे नाही, कारण कारखान्यातील भट्टीत पक्का झालेला मूळ रंग नंतर चढवलेल्या रंगापेक्षा सहसा टिकाऊ असतो आणि जुनी गाडी विकताना पुन्हा रंगवलेली पॅनेल भाव पाडतात. स्वर्ल आणि होलोग्रामसाठी दुसऱ्या, स्वीकारार्ह डिटेलरकडून सुधारणा आणि तिचा खर्च. क्लिअर कोट पार झालेल्या जागी पॅनेलचे रंगकाम, मेटॅलिक रंग असेल तर शेजारच्या पॅनेलपर्यंत छटा मिळवण्यासह. वायरिंग किंवा एअरबॅगसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरचे बिल. आणि निकामी ठरलेल्या मूळ कामाच्या पैशांचा परतावा, अशी मागणी बहुतेक वेळा न्याय्य ठरते.

विम्याकडे वळण्याआधी थोडा विचार करावा. गाडीची स्वतःच्या नुकसानीची पॉलिसी बाहेरून अपघाताने झालेल्या हानीसाठी असते. सदोष कारागिरी त्यात सहसा बसत नाही. सेंटरच्या माणसाने गाडी मागे घेताना खांबावर आपटली तर तो अपघात आहे आणि दावा करता येतो. पण लहान रकमेसाठी दावा केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, जो 20 पासून 50 टक्क्यांपर्यंत असू शकतो, हातचा जातो, शिवाय लहान गाडीला 1000 आणि 1500 सीसीवरील गाडीला 2000 रुपये सक्तीने स्वतः सोसावे लागतात. ज्याने नुकसान केले त्याच्याकडूनच ते वसूल करणे अशा वेळी सरळ पडते.

सेंटरने उत्तर दिले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक पहिली पायरी आहे. अनेक व्यावसायिक तिथून फोन गेल्यावर बोलायला तयार होतात. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जाते, आणि ती 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. डिटेलिंगची बिले या मर्यादेच्या कितीतरी आत असतात. तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे पुण्यातील सेंटरविरुद्ध कोल्हापूरच्या माणसाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. वकील बंधनकारक नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. निकाल लगेच लागेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. कायद्यात तीन ते पाच महिन्यांचे उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात प्रकरणे त्याहून लांबतात. गाडी धंद्यासाठी चालवली जात असेल तर ग्राहक कोण, हा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. स्वयंरोजगारासाठी स्वतः टॅक्सी चालवणाऱ्याला कायद्याने वगळलेले नाही.

बहुतेक वाद इतके पुढे जातही नाहीत. दुसरे मत आणि आकडे समोर ठेवल्यावर सेंटर तडजोडीला येते, आणि तेव्हाच कागद सर्वांत काळजीपूर्वक वाचावा लागतो. "पूर्ण आणि अंतिम समझोता" असे लिहिलेल्या कागदावर दुरुस्तीच्या आधी सही करू नये. कोणते पॅनेल, कोणते काम, कोणाकडून आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात यावे. रंगकाम होणार असेल तर रंग सोलला किंवा फिकटला तर किती महिन्यांची हमी, तेही यावे. दुरुस्त झालेली गाडी संध्याकाळी घेऊ नये. दुपारी उन्हात उभी करून, अल्कोहोलने पुसून, त्याच जागी पुन्हा जाडी मोजावी, आणि दोन्ही वेळचे आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून सेंटरचा शिक्का घेतल्यावरच समझोत्यावर सही करावी.